खेळाची शुद्धता आणि बुडालेला रोज

वेल्समधील रग्बीचा इतिहास हा या साप्ताहिकाच्या वाचकांना परका विषय वाटेल, याची मला कल्पना आहे. हा खेळ आपल्याकडे जिमखान्यांच्या कुंपणाबाहेर कधी फारसा आला नाही. तरीही त्या इतिहासातील एका खेळाडूच्या कारकिर्दीकडे कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावे, असे मला वाटते. कारण तिच्यात जो प्रश्न उभा राहिला, तो केवळ खेळाचा नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने कोणत्याही सामुदायिक कार्यात बरोबरीने भाग घ्यावयाचा असेल, तर त्याच्या बुडालेल्या रोजाचे काय करावयाचे, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर टाळणारी कोणतीही संस्था, तिची ध्येये कितीही उदात्त असली, तरी अखेर सुखवस्तू लोकांच्याच हाती राहते.

या खेळाडूचे नाव डेव्हिड जोन्स. दक्षिण वेल्समधील अ‍ॅबरडेअर आणि ट्रेहर्बर्ट या कोळसा खाणींच्या गावांतील क्लबांकडून तो खेळत असे. लोक त्याला 'डाय टारू' म्हणत. वेल्श भाषेत टारू म्हणजे वळू. सहा फुटांहून अधिक उंची आणि सोळा स्टोन, म्हणजे सुमारे शंभर किलो वजन, असा हा गडी 'फॉरवर्ड' म्हणून खेळे. रग्बीत फॉरवर्डचे काम अंगमेहनतीचे असते. प्रतिपक्षाच्या खांद्याला खांदा भिडवून रेटा द्यावयाचा, चेंडू हस्तगत करावयाचा आणि तो मागच्या चपळ खेळाडूंच्या हवाली करावयाचा. टाळ्या बहुधा त्या मागच्या खेळाडूंना मिळतात. वेल्सच्या निवडकर्त्यांना इंग्लंडच्या धिप्पाड फॉरवर्डांपुढे टिकून राहतील अशी माणसे हवी होती, तेव्हा त्यांनी ऱ्होंडा खोऱ्यातील खाणकामगारांच्या वस्त्यांकडे पाहिले. 'ऱ्होंडा फॉरवर्ड' असा शब्दच तिकडे रूढ झाला. जोन्स हा या जातीचा नमुनेदार खेळाडू होता. १९०२ साली तो प्रथम वेल्सकडून खेळला आणि १९०६ पर्यंत त्याने तेरा आंतरराष्ट्रीय सामने खेळले. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही एकाच मोसमात हरविण्याचा मान, ज्याला तेथे 'ट्रिपल क्राउन' म्हणतात, तो वेल्सने १९०२ आणि १९०५ अशा दोन वेळा मिळविला; दोन्ही वेळी जोन्स संघात होता.

ज्या खोऱ्यांतून हे खेळाडू येत, तेथील मजुरीची पद्धत ध्यानात घेतल्यावाचून पुढील प्रकरणाचा अर्थ कळणार नाही. कोळसा कापणाऱ्या कामगारास महिन्याचा पगार नसे. त्याने कापलेल्या कोळशाच्या वजनावर त्याची कमाई ठरे. शिवाय १९०२ पर्यंत तेथे मजुरीचा दर कोळशाच्या बाजारभावाशी बांधलेला होता; भाव उतरला की मजुरी उतरे. १८९८ साली या प्रश्नावर खाणमालकांशी सुमारे पाच महिने झगडा चालला, टाळेबंदी झाली आणि कामगार हरले. त्या पराभवातूनच दक्षिण वेल्स खाणकामगार संघ जन्माला आला. परंतु त्याच तडजोडीत कामगारांची एक सुट्टीही गेली. दर महिन्याचा पहिला सोमवार खाणी बंद ठेवण्याची प्रथा होती. कामगार पुढारी विल्यम अब्राहम यांच्या लोकप्रिय नावावरून तिला 'मेबनचा दिवस' म्हणत. मालकांनी तो दिवस काढून घेतला. अशा परिस्थितीत परगावच्या सामन्यासाठी शनिवारी काम सोडून जाणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे घरात तेवढी मजुरी कमी. दुखापत झाली तर आठवडेच्या आठवडे कमाई नाही. फॉरवर्डला दुखापत होणे ही तर नित्याची गोष्ट होती.

आता या खेळाचा कायदा काय होता ते पाहा. रग्बी फुटबॉल युनियन ही संस्था १८७१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. तिचे चालक बहुतेक खाजगी शाळांतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेले गृहस्थ होते. खेळ हा हौसेसाठी, त्यासाठी पैसा घेणे म्हणजे खेळ विटाळणे, अशी त्यांची धारणा होती. परंतु १८८० नंतर यॉर्कशर आणि लँकेशरमधील गिरणी व खाणकामगार हा खेळ मोठ्या संख्येने खेळू लागले आणि तो पाहावयास हजारोंनी तिकिटे काढून येऊ लागले. १८९३ च्या सप्टेंबरात यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी लंडनच्या सभेत एक साधा ठराव मांडला: सामन्यासाठी कामावर खाडा झाल्यास खेळाडूची बुडालेली मजुरी भरून देण्यास परवानगी असावी. खेळण्याचे वेतन त्यांनी मागितले नव्हते. बुडालेला रोज तेवढा मागितला होता. ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. सभा लंडनला होती, आणि तेथवर जाण्यासाठीही उत्तरेच्या माणसांना एक दिवस मोडावा लागत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, उत्तरेतील बावीस क्लबांनी हडर्सफील्ड येथे एकत्र येऊन 'नॉर्दर्न युनियन' ही स्वतंत्र संघटना काढली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत खाडाभरपाई मान्य केली. आज ज्याला 'रग्बी लीग' म्हणतात तो खेळ या फुटीतून निर्माण झाला. मूळ युनियनने या बंडखोरांशी संबंध ठेवणाऱ्या प्रत्येक खेळाडूवर आजन्म बहिष्कार घातला.

अर्थशास्त्राच्या साध्या भाषेत सांगावयाचे तर 'कोणीही पैसा घेऊ नये' हा नियम दिसावयास सर्वांना समान आहे. परंतु त्याची किंमत सर्वांना समान पडत नाही. ज्याचे उत्पन्न जमिनीच्या खंडातून, व्याजातून किंवा वडिलांच्या पेढीतून येते, त्याला शनिवारची दुपार मैदानावर घालविल्याने काही गमवावे लागत नाही. जो हाताने काम करतो, त्याला त्याच दुपारीसाठी मजुरी मोजावी लागते. म्हणजे हौशीपणाचा नियम हा वस्तुतः मालमत्तेची अट होता. मतदानाच्या हक्काला पूर्वी जशी मालमत्तेची अट असे, तशीच ही अट होती; फक्त ती स्पष्ट शब्दांत लिहिलेली नव्हती. ज्यांना परवडत नसेल त्यांनी खेळू नये, हा युक्तिवाद त्या काळात उघडपणे केला जात होता, यावरून नियम करणाऱ्यांना त्याचा परिणाम ठाऊक होता हे उघड आहे.

वेल्सची युनियन मात्र एका विचित्र पेचात सापडली होती. इंग्लंडमधील उच्चवर्गीय क्लबांसारखे खेळाडू तिच्यापाशी पुरेसे नव्हते. खाणीच्या आणि पोलादाच्या गावांवाचून तिचा संघ उभा राहू शकत नव्हता. म्हणून तिने लंडनचा नियम कागदावर स्वीकारला आणि क्लबांतून हळूच दिल्या जाणाऱ्या पैशांकडे बव्हंशी कानाडोळा केला. या दुटप्पी व्यवहाराची पहिली मोठी कसोटी १८९६-९७ मध्ये लागली. न्यूपोर्टचा आर्थर गूल्ड हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय वेल्श खेळाडू. त्याच्या सत्कारासाठी लोकांनी वर्गणी काढली, वेल्श युनियननेही तिला हातभार लावला आणि १८९७ मध्ये त्याला एक घर भेट देण्यात आले. इतर देशांच्या युनियनांनी हा धंदेवाईकपणा असल्याचा आक्षेप घेतला. वेल्स आंतरराष्ट्रीय मंडळातून बाहेर पडले. वर्षभराने समेट होऊन परत आले. गूल्डला ते घर मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. लोकांनी आपल्या आवडत्या माणसास प्रेमाने दिलेली ती भेट होती. परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. नियम वाकविणे शक्य होते. प्रसंगी आंतरराष्ट्रीय मंडळाशी भांडण्याचे धैर्यही वेल्श युनियनमध्ये होते. प्रश्न फक्त कोणासाठी वाकवावयाचा एवढाच होता.

१६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे वेल्स आणि न्यूझीलंड यांचा सामना झाला. न्यूझीलंडचा संघ इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांना हरवून अजिंक्य म्हणून तेथे आला होता. सुमारे सत्तेचाळीस हजार प्रेक्षक जमले होते. वेल्सने तो सामना ३-० असा जिंकला. संपूर्ण दौऱ्यात न्यूझीलंडचा झालेला हा एकमेव पराभव. विजयाचे तीन गुण मिळवून देणारा टेडी मॉर्गन हा वैद्यकीचे शिक्षण घेतलेला तरुण होता. संघात शिक्षक होते, औषधविक्रेता होता, स्वान्सीचे पोलाद कामगार होते आणि फॉरवर्डांच्या रांगेत डाय टारू होता. एका छोट्या देशाच्या सर्व थरांतील माणसे एका संघात एकदिलाने खेळली, म्हणून वेल्सने तो विजय आपल्या राष्ट्रीयत्वाचा विजय मानला. त्या भावनेला मी कमी लेखीत नाही. तथापि त्या दिवशी प्रवेशद्वारावर जमलेला पैसा कोठे गेला, असा प्रश्न अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारणारच. तो युनियनच्या तिजोरीत गेला. ज्यांच्या खांद्यांवर तो सामना तोलला गेला, त्यांना त्यातील खाडाभरपाईही मागण्याचा अधिकार नव्हता.

यानंतर दोन वर्षांच्या आत डाय टारूची युनियनमधील कारकीर्द संपली. अ‍ॅबरडेअर क्लबात खेळाडूंना पैसे दिले जातात, अशा तक्रारींवरून १९०७ साली चौकशी झाली आणि वेल्श युनियनने जोन्सला कायमचे निलंबित केले. क्लब पैसे देत असत, हे तेव्हा दक्षिण वेल्समध्ये कोणाला ठाऊक नव्हते? ज्या युनियनने एका नामांकित खेळाडूच्या घरासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ सोडले, तिने दहा वर्षांनी खोऱ्यातील एका फॉरवर्डला आयुष्यभरासाठी मैदानाबाहेर काढले. दोन्ही प्रकरणांत पैसा खेळाशी जोडलेला होता. एक पैसा समारंभात, भेट म्हणून, प्रतिष्ठितांच्या उपस्थितीत दिला गेला. दुसरा खेळाडूच्या गरजेपोटी, गुपचूप दिला गेला. देणगी सन्मान ठरली आणि मोबदला गुन्हा ठरला. श्रमिकाला दान घेऊ द्यावयाचे, पण हक्क मागू द्यावयाचा नाही, ही वृत्ती आपल्याला अपरिचित नाही.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. न्यूझीलंडच्या १९०५ च्या संघातील खेळाडूंना दौऱ्यात दिवसाला तीन शिलिंग भत्ता मिळत असे आणि तोसुद्धा ब्रिटनमधील काही धुरीणांना खुपला होता. दौऱ्याने मात्र न्यूझीलंडच्या युनियनला हजारो पौंडांचा नफा मिळवून दिला. हे पाहून वेलिंग्टनच्या टपाल खात्यातील अल्बर्ट बास्करव्हिल या तरुण कारकुनाने स्वतंत्र संघ जमवून नॉर्दर्न युनियनच्या क्लबांशी खेळण्यासाठी ब्रिटनला जाण्याचा बेत केला. त्याची रचना सहकारी तत्त्वावर होती: प्रत्येक खेळाडूने पन्नास पौंड भांडवल घालावयाचे आणि दौऱ्याचा नफा सर्वांनी वाटून घ्यावयाचा. वृत्तपत्रांनी 'ऑल ब्लॅक्स' या नावाची टिंगल करीत त्यांना 'ऑल गोल्ड्स' म्हटले. मालक नसलेल्या, सभासदांच्याच मालकीच्या त्या संघाला सोन्याचा लोभी ठरविणारे लोक युनियनच्या तिजोरीबद्दल मात्र गप्प होते. या संघाचा वेल्सशी सामना १ जानेवारी १९०८ रोजी झाला. नॉर्दर्न युनियनच्या नियमांनी खेळला गेलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. स्थळ होते अ‍ॅबरडेअर, आणि वेल्सच्या संघात मर्थर टिडविलच्या नव्या क्लबाकडून खेळू लागलेला डाय टारू होता. वेल्सने ९-८ असा निसटता विजय मिळविला. अखेरीचा निर्णायक ट्राय जोन्सनेच केला. दोन्ही प्रकारच्या रग्बीत न्यूझीलंडला हरविण्याचा मान त्याला असा लाभला. ज्या गावाच्या क्लबावरून त्याला काढले, त्याच गावच्या लोकांसमोर हे घडले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की हौशीपणा ढोंगी असल्याने धंदेवाईक खेळ हाच न्यायाचा मार्ग होय. मला तो मान्य नाही. १९०७-०८ मध्ये दक्षिण वेल्समध्ये नॉर्दर्न युनियनचे सहा क्लब निघाले. प्रवासखर्च अफाट, प्रेक्षक अपुरे, आणि जुन्या युनियनचा बहिष्कार. १९१२ पर्यंत ते सहाही बंद पडले. त्यानंतर दोन महायुद्धांमधील मंदीच्या काळात खोऱ्यांतील चांगले खेळाडू पोटासाठी उत्तर इंग्लंडच्या क्लबांकडे गेले आणि मायदेशी बहिष्कृत ठरले. बाजाराने त्यांना मजुरी दिली, परंतु गाव आणि देशाचा संघ हिरावून घेतला. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये, हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचा नियम रद्द केला. शंभर वर्षे कामगाराच्या खाड्याने जे दार उघडले नाही, ते दूरचित्रवाणी-हक्कांच्या भांडवलाने एका मोसमात उघडले. खेळ हा बाजारातला माल होऊ नये, या जुन्या आग्रहात एक सत्य होते, आणि समाजवाद्याने ते सोडता कामा नये. परंतु ज्याला त्या सत्याचे रक्षण करावयाचे आहे, त्याने आधी खाडा भरून दिला पाहिजे. १८९३ ची मागणी एवढीच होती. ती मान्य झाली असती, तर खेळ कामगारांचाही राहिला असता आणि बाजाराच्या स्वाधीनही इतक्या सहज झाला नसता.

हाच नियम त्या काळी केवळ रग्बीत नव्हे, तर ब्रिटिश पार्लमेंटमध्येही होता. खासदारास वेतन नसे. लोकसेवा ही गृहस्थांनी हौसेने करावयाची गोष्ट मानली जाई. चार्टिस्टांनी १८३८ मध्ये ज्या सहा मागण्या केल्या, त्यांत लोकप्रतिनिधीस वेतन ही एक होती. अ‍ॅबरडेअर ज्या मर्थर मतदारसंघात येत असे, तो दोन सभासदांचा होता. १९०० पासून दहा वर्षे त्याचे दोन प्रतिनिधी होते मजूर पुढारी केअर हार्डी आणि खाणमालक डी. ए. थॉमस. एकाचा चरितार्थ खाणींच्या नफ्यावर चाले. दुसऱ्याला चळवळीच्या आणि स्नेह्यांच्या आधारावर दिवस काढावे लागत. जोन्सला निलंबित केले त्याच वर्षी, १९०७ मध्ये, हार्डी हिंदुस्थानात येऊन गेले. येथील राज्यकारभाराविषयी ते स्पष्ट बोलले म्हणून विलायतेतील वृत्तपत्रांनी त्यांच्यावर राजद्रोहाचा गिल्ला केला. आपल्या पारतंत्र्याबद्दल बोलणारा तो प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये होता, कारण सामान्य माणसांनी पदरमोड करून त्याला तेथे टिकविले होते. १९०९ मध्ये न्यायालयाने कामगार संघटनांना राजकीय वर्गणी घेण्यास मनाई केली, तेव्हा मजूर पक्षाच्या सभासदांचा निर्वाहच धोक्यात आला. अखेर १९११ पासून प्रत्येक सभासदास वार्षिक चारशे पौंड देण्यात येऊ लागले. त्या दिवशी पार्लमेंट विटाळले असे आज कोणी म्हणत नाही.

आता आपल्या स्वतःकडे वळावयास हवे. चळवळीत आपण त्यागाला फार मान देतो, आणि तो योग्यच आहे. परंतु पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या मानधनाचा विषय निघाला की आपल्यातील अनेकांना संकोच होतो. मानधन मागणारा निष्ठेने उणा आहे, अशी सूक्ष्म शंका आपण मनात बाळगतो. हा संकोच लंडनच्या त्या गृहस्थांच्या संकोचाहून वेगळा कसा, हे मला सांगता येत नाही. तीन दिवसांचे अभ्यासशिबिर म्हणजे शिक्षकाची तीन दिवसांची पगारी रजा असते. शेतमजूर स्त्रीचे ते तीन रोज असतात. जिल्ह्याच्या गावी दुपारी दोनला ठेवलेली बैठक वकिलाला सोयीची असते. हमालाला त्यासाठी खाडा करावा लागतो. मग समित्यांवर कोण उरते? ज्याच्या घरी जमीन आहे, ज्याच्या पत्नीला पगार आहे, ज्याला निवृत्तिवेतन मिळते, तो उरतो. मी स्वतः या शेवटच्या वर्गात मोडतो, म्हणून हे म्हणण्याचा मला अधिकार आहे. आणि मग आपणच सभांतून विचारतो की श्रमिकांतून नेतृत्व का पुढे येत नाही.

याचा उपाय भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. प्रत्येक शिबिराच्या आणि बैठकीच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्चाबरोबर खाडाभरपाईचा स्वतंत्र रकाना असावा. ती भरपाई गुपचूप, एखाद्या सधन हितचिंतकाच्या मर्जीने दिली जाऊ नये. कारण तशी दिलेली रक्कम घेणाऱ्याला मिंधे करते, आणि उद्या त्याच रकमेवरून त्याला बदनाम करता येते. डाय टारूच्या बाबतीत नेमके हेच झाले. ती ठरलेल्या दराने, सर्वांना माहीत असलेल्या नियमाने, सभासदांच्या वर्गणीतून आणि जाहीर हिशेबाने दिली जावी. ज्यांना ती नको असेल त्यांनी ती निधीत परत जमा करावी. परंतु नाकारणाऱ्याचा गौरव आणि घेणाऱ्याची कुचेष्टा होता कामा नये. पैसा थोडा असेल तर शिबिरे कमी करावीत, बैठका संध्याकाळी आणि वस्तीजवळ घ्याव्यात. यासाठी मोठा निधी लागत नाही.

त्यागाची अपेक्षा करण्याचा अधिकार त्याच संघटनेला आहे, जिने आधी प्रत्येकाच्या त्यागाची किंमत मोजून पाहिली आहे. येत्या जिल्हा शिबिरांचे अंदाजपत्रक मांडताना हा एक रकाना घालून पाहावा आणि त्यानंतर शिबिराला कोण नव्याने येते ते मोजावे, एवढीच माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे.